इंग्रजी शब्दांचे शेवट वर्गात कोणत्या क्रमाने शिकवावेत?

बोरीकाठ (पारोळा)

पारोळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते. आठवीला माझ्याकडे येणारी बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात, वहीत प्रमाण मराठी लिहितात, आणि इंग्रजी त्यांच्या वाट्याला पुस्तकापुरतेच येते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे आठवीपर्यंत शेकडो शब्द मुलांच्या कानांवरून गेलेले असतात. परंतु प्रत्येक शब्द, त्याचे स्पेलिंग आणि त्याचा अर्थ हे सगळे सुटे सुटे पाठ केलेले असल्यामुळे ‘ॲक्ट’ येणाऱ्या मुलाला ‘ॲक्शन’ अगदी नवा शब्द वाटतो, आणि ‘डिसाइड’ बिनचूक लिहिणारी मुलगी ‘डिसिझन’पाशी अडते.

म्हणून यंदा मी धड्यातले शब्द पहिल्या अक्षरावरून न लावता शेवटावरून लावते आहे. फळ्यावर ‘शन’ने संपणाऱ्या शब्दांचा एक रकाना आखला आणि मुलांनाच त्यात भर घालायला सांगितले. रकाना भरत गेला तसे त्यांच्या लक्षात आले की उच्चार जवळजवळ एकसारखा असूनही स्पेलिंगे तीन-चार तऱ्हेची आहेत, आणि त्यांची वाटणी मनमानी नाही. मूळ क्रियापदाच्या शेवटी ‘टी’चा उच्चार असेल तर बहुधा टी-आय-ओ-एन येते: ॲक्ट–ॲक्शन, एज्युकेट–एज्युकेशन. शेवटी ‘डी’चा उच्चार असेल तर बहुधा एस-आय-ओ-एन येते: डिसाइड–डिसिझन, एक्स्टेंड–एक्स्टेन्शन, एक्स्प्लोड–एक्स्प्लोजन. ‘मिट’ने संपणाऱ्या क्रियापदांचे ‘मिशन’ होते आणि तिथे दोन एस लागतात: परमिट–परमिशन, ॲडमिट–ॲडमिशन. शब्द माणसाचा पेशा सांगत असेल तर सी-आय-ए-एन: म्युझिशियन, इलेक्ट्रिशियन, पॉलिटिशियन. ‘अटेन्शन’ आणि ‘इन्टेन्शन’ यांची मूळ क्रियापदे ‘डी’ने संपूनही त्यांना टी-आय-ओ-एन लागते, तर ‘सस्पिशन’ला सी-आय-ओ-एन लागते. असे अपवाद थोडे आहेत आणि ते वेगळे लिहून ठेवता येतात.

माझा प्रश्न क्रमाचा आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षे हाताशी असतील, तर कोणता शेवट आधी घ्यावा आणि कोणता मागे ठेवावा? या पद्धतीत मुलांची कुठे फसगत होण्याचा संभव आहे, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

नाना_अमळनेर

ताई, आपला रकाना योग्यच आहे. पण ‘शन’ हा आठवीचा विषय आहे. पाचवीत सुरुवात करायची असेल तर भूतकाळाच्या ‘ई-डी’पासून आणि अनेकवचनाच्या ‘एस’पासून करावी. हे दोन शेवट इंग्रजीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात भेटतात, आणि आपल्या भागातल्या मुलांचे वाचन नेमके तिथेच बिघडते. ‘ई-डी’ दिसले की मूल ‘एड’ म्हणते आणि ‘वर्केड’, ‘वॉचेड’, ‘हेल्पेड’ असे वाचत जाते.

वस्तुतः या ‘ई-डी’चे उच्चार तीन आहेत. क्रियापद कठोर ध्वनीने संपत असेल तर ‘ट’: वर्क्ट, हेल्प्ट, वॉच्ट, लाफ्ट. मृदू ध्वनीने किंवा स्वराने संपत असेल तर ‘ड’: ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शेवटी आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर मध्ये एक स्वर घालून ‘इड’: वाँटिड, नीडिड. ‘एस’चेही असेच आहे. कठोर ध्वनीपुढे तो ‘स’ राहतो, जसे कॅट्स, बुक्स. मृदू ध्वनीपुढे किंवा स्वरापुढे ‘झ’ होतो, जसे डॉग्झ, पेन्झ. आणि स, श, च यांसारख्या घर्षण असलेल्या ध्वनींपुढे ‘इझ’ होतो, जसे बसिझ, वॉचिझ.

हे समजावण्यासाठी इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. कठोर आणि मृदू व्यंजने मुलांनी मराठीच्या वर्णमालेत शिकलेली असतात, आणि पुढे व्यंजनसंधीत त्यांचाच उपयोग होतो. विपद् आणि काल मिळून विपत्काल होते, कारण पुढच्या कठोर ‘क’मुळे मागचा ‘द’ कठोर होतो. इंग्रजीत दिशा उलटी आहे एवढेच: तिथे मागच्या ध्वनीप्रमाणे पुढचा शेवट बदलतो. मी वर्गात मुलांना गळ्यावर दोन बोटे ठेवायला सांगत असे आणि आधी लांब ‘स’ व मग लांब ‘झ’ म्हणवून घेत असे. ‘झ’च्या वेळी बोटांखाली थरथर जाणवते, ‘स’च्या वेळी जाणवत नाही. ती एकदा कळली की मूल नवे क्रियापद पाहून स्वतःच ठरवते की इथे ‘ट’ येईल की ‘ड’.

अपवाद सांगायचे तर काही विशेषणांत ‘इड’ पूर्ण उच्चारले जाते: नेकिड, विकिड, रगिड, आणि विद्वान या अर्थी लर्निड. ते नववी-दहावीत भेटतील तेव्हा सांगावेत.

चोपडा_ते_पुणे

मी भाषांतराचे काम करतो, त्यामुळे फसगतीच्या प्रश्नाला उत्तर देतो. शेवट ओळखायला शिकलेले मूल काही दिवसांनी जिथे शेवट नाही तिथेही तो पाहू लागते. ‘ली’ आले की क्रियाविशेषण, असे बहुतेक गाइडांत छापलेले असते आणि मुले ते पाठ करतात. परंतु फ्रेंडली, लव्हली, लोनली, एल्डरली, कॉस्टली ही विशेषणे आहेत. ‘फॅमिली’ नाम आहे, आणि ‘रिप्लाय’ व ‘सप्लाय’ यांच्या शेवटी एल-वाय ही अक्षरे असली तरी ‘ली’ हा प्रत्यय मुळीच नाही. विशेषणाला ‘ली’ लागले तर क्रियाविशेषण होते आणि नामाला लागले तर बहुधा विशेषण होते, असे सांगितले की निम्मा गोंधळ मिटतो: स्लो–स्लोली, पण फ्रेंड–फ्रेंडली.

‘ई-आर’चे तर तीन धंदे आहेत. टीचरमध्ये तो काम करणारी व्यक्ती दाखवतो, बिगरमध्ये तुलना दाखवतो आणि वॉटरमध्ये काहीच दाखवत नाही. त्यातही ‘कुकर’ हा शब्द घराघरांत असल्यामुळे मोठी अडचण होते. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला इंग्रजीत नुसते ‘कुक’ म्हणतात आणि ‘कुकर’ हे भांडे किंवा शेगडी असते. पण नियम पाठ केलेला मुलगा आपल्या वडिलांच्या हॉटेलातल्या आचाऱ्याला निबंधात ‘कुकर’ लिहितो. नियम त्याने बरोबर लावला आहे, म्हणून त्याचे गुण कापण्याआधी शिक्षकांनी त्याला तसे सांगितले पाहिजे.

भुसावळची_वाचक

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे आणि माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे हा धागा मी काळजीपूर्वक वाचते आहे. तिच्या वाचनाच्या पुस्तकात ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी संपणारे शब्द एकाच पानावर दिलेले आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार निराळा आहे. वर दिलेल्या नियमांसारखा यामागे एखादा नियम आहे का? नसेल तर मुलीला काय सांगावे?

नाना_अमळनेर

ताई, यामागे आज लावता येईल असा नियम नाही, पण कारण आहे. दो, थ्रू, टफ, कॉफ आणि फांदी या अर्थी बाउ, या पाचही शब्दांतल्या जी-एच या अक्षरांना पूर्वी घशातून घासत येणारा, आपल्या ‘ख’च्या जवळचा ध्वनी होता. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि त्यानंतर स्पेलिंगे हळूहळू स्थिरावत गेली; उच्चार मात्र बदलत राहिले. काही शब्दांत तो ध्वनी अजिबात गळाला, काहींत त्याचा ‘फ’ झाला, आणि आधीचा स्वरही शब्दागणिक वेगळ्या वाटेने गेला. छापील अक्षरे तेवढी मागे राहिली.

इथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण बोरीकाठ ताईंच्या मूळ प्रश्नाचा तोच पाया आहे. काही शेवट अर्थाचे काम करतात: ते शब्दाची जात बदलतात, काळ दाखवतात, माणूस की वस्तू ते सांगतात. व्याकरणात आपण त्यांना प्रत्यय म्हणतो. आणि काही शेवट केवळ अक्षरांचा योगायोग असतात. ओ-यू-जी-एच हा दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याने अर्थात काहीच भर पडत नाही. असे शब्द एका पानावर एकत्र दिले की मूल त्यांत नियम शोधू लागते आणि तो सापडत नाही म्हणून खचते. माझे स्पष्ट मत आहे की ते एकत्र शिकवूच नयेत. ‘थ्रू’ हा ‘इन’, ‘ओव्हर’, ‘अंडर’ यांच्याबरोबर शिकवावा आणि ‘कॉफ’ हा ‘कोल्ड’ आणि ‘फीव्हर’ यांच्याबरोबर.

अभ्यासू_धुळे

नानांनी केलेला भेद स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्याही उपयोगाचा आहे. आम्हाला स्पेलिंग ओळखण्याचे प्रश्न येतात आणि त्यांत ‘एबल’चा घोळ ठरलेला असतो: ए-बी-एल-ई की आय-बी-एल-ई? अभ्यासिकेत आम्ही पुढील ताळा वापरतो. शेवट काढून टाकल्यावर पूर्ण इंग्रजी शब्द उरत असेल तर बहुधा ‘ए’ येतो, जसे ॲक्सेप्टेबल, डिपेन्डेबल, रीझनेबल. अर्धवट तुकडा उरत असेल तर बहुधा ‘आय’ येतो, जसे पॉसिबल, व्हिजिबल, टेरिबल, एडिबल. फ्लेक्सिबल, रिस्पॉन्सिबल आणि ॲक्सेसिबल हे या ताळ्याला न जुमानणारे शब्द आहेत आणि परीक्षेत नेमके तेच विचारले जातात. याचे कारण असे की आय-बी-एल-ई घेऊन आलेले बहुतेक शब्द लॅटिनमधून तयारच आले, तर ए-बी-एल-ई हा शेवट आजही जिवंत आहे आणि कोणत्याही नव्या क्रियापदाला लागतो. ‘डाउनलोडेबल’ हा शब्द कोणी लॅटिनमधून आणलेला नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. मूळ शब्द सी-ई किंवा जी-ई ने संपत असेल तर ‘एबल’ लागताना तो ‘ई’ गाळायचा नाही: नोटिसेबल, चेंजेबल, मॅनेजेबल. तो गाळला तर नियमाप्रमाणे ‘ए’च्या आधीचा सी ‘क’ होतो आणि जी ‘ग’ होतो.

दुसरे उदाहरण ‘सीड’चे. या उच्चाराने संपणारी क्रियापदे पुष्कळ आहेत, पण सी-ई-ई-डी असे स्पेलिंग फक्त तिघांचे आहे: एक्सीड, प्रोसीड आणि सक्सीड. एस-ई-डी-ई असे फक्त एकाचे: सुपरसीड. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड हे सगळे सी-ई-डी-ई. चार शब्द लक्षात ठेवले की उरलेले आपोआप बरोबर येतात. सुपरसीड वेगळा पडतो, कारण त्याचे लॅटिन मूळ ‘वर बसणे’ या अर्थाचे आहे, तर बाकीच्यांचे मूळ ‘जाणे, हटणे’ या अर्थाचे आहे.

सावदा_केळीबाग

मी शिक्षक नाही, केळीच्या व्यापारात आहे. परंतु ज्या शेवटामुळे आमच्याकडे प्रत्यक्ष पैशांचा प्रश्न उभा राहतो तो अजून कोणी सांगितलेला नाही, म्हणून लिहितो. रावेर, यावल आणि सावदा भागातला माल बाहेर जाऊ लागल्यापासून फोनवरचे बोलणे बऱ्याचदा इंग्रजी आकड्यांत होते, आणि ‘थर्टीन’ व ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांत ऐकणाऱ्याची चूक होते. निर्यातीच्या केळीचा खोका साधारण तेरा किलोचा असतो. ते वजन नवख्या माणसाने तीस किलो ऐकले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. आमच्या गावात एका गाडीच्या खोक्यांच्या संख्येवरून असाच वाद झाला आणि तो मिटेपर्यंत माल उन्हात उभा राहिला. आता आम्ही आकडा सांगून झाल्यावर ‘वन-थ्री’ किंवा ‘थ्री-झिरो’ असे सुटे अंक पुन्हा म्हणतो. शाळेत हा फरक नीट शिकवला जात असेल तर तो कसा शिकवतात, हे जाणून घ्यायला आवडेल.

नाना_अमळनेर

दादा, आपण उपाय अगदी योग्य शोधला आहे. विमान वाहतुकीतही आकडे अंक सुटे करून सांगण्याची पद्धत आहे. शिकवताना सामान्यतः आघाताचा फरक सांगतात: ‘थर्टी’त जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, आणि ‘थर्टीन’मध्ये शेवटच्या ‘टीन’वर. परंतु हा फरक वाक्यात नेहमी टिकत नाही. ‘थर्टीन बॉक्सेस’ असे पुढे नाम आले की जोर पुष्कळदा मागे ‘थर’वर सरकतो आणि कानाला तो ‘थर्टी’सारखाच लागतो. म्हणून मुलांना जोरापेक्षा लांब ‘ई’ आणि शेवटचा स्पष्ट ‘न’ ऐकायला शिकवावे, आणि बोलताना तो ‘न’ गिळू नये असे सांगावे. आपल्याकडे उलट होते: ‘न’ नाकातल्या नाकात राहतो आणि फोनवर तोच आधी हरवतो.

आघाताचा विषय निघालाच आहे तर बोरीकाठ ताईंच्या ‘शन’ला एक जोड देतो. ‘शन’ने संपणाऱ्या शब्दांत आघात जवळजवळ नेहमी ‘शन’च्या लगेच आधीच्या अवयवावर येतो: एज्युकेशनमध्ये ‘के’, इन्फर्मेशनमध्ये ‘मे’, एक्झॅमिनेशनमध्ये ‘ने’. ‘इक’ आणि ‘इटी’ हे शेवटही असेच आघात आपल्याजवळ ओढून घेतात. ‘इलेक्ट्रिक’मध्ये तो ‘लेक’वर असतो आणि ‘इलेक्ट्रिसिटी’ म्हणताच ‘ट्रि’वर येतो. ‘फोटोग्राफ’चा पहिला अवयव जोरदार असतो, ‘फोटोग्राफिक’मध्ये जोर ‘ग्रा’वर जातो. अरिथमॅटिक, पॉलिटिक्स, कॅथलिक असे काही शब्द याला बाजूला ठेवतात. मराठीत आघाताने अर्थ फारसा बदलत नसल्यामुळे आपण सगळे अवयव सारख्या वजनाने म्हणतो, आणि म्हणून आपले लांब इंग्रजी शब्द परक्या माणसाला कळायला जड जातात. शेवट पाहून आघात ठरवता येणे हा या पद्धतीचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

खिळेजुळणी_जळगाव

मुद्रितशोधनाच्या कामात मला रोज भेटणारा शेवट म्हणजे ‘आइझ’. ऑर्गनाइझ, रेकग्नाइझ, रिअलाइझ हे शब्द ‘एस’ने लिहावेत की ‘झेड’ने, यावर शिक्षक मंडळी हिरिरीने भांडतात आणि ‘झेड’ म्हणजे अमेरिकन, ‘एस’ म्हणजे ब्रिटिश अशी सर्रास विभागणी करतात. ती तितकीशी खरी नाही. ऑक्सफर्डची परंपरा ब्रिटिश असूनही ‘झेड’ची आहे, संयुक्त राष्ट्रे हीच पद्धत पाळतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावात ‘झेड’ आहे. दोन्ही रूपे शुद्ध आहेत, फक्त एका मजकुरात एकच ठेवावे.

मात्र काही शब्दांना पर्यायच नाही. ॲडव्हर्टाइझ, सर्प्राइझ, एक्सरसाइझ, सुपरवाइझ, रिव्हाइझ, कॉम्प्रोमाइझ यांत तो शेवट प्रत्यय म्हणून लागलेला नसून शब्दाच्या मूळ अंगाचा भाग आहे, त्यामुळे तिथे प्रमाण रूप ‘एस’चेच. उलट ‘कॅपसाइझ’मध्ये ‘झेड’च. नानांनी वर सांगितलेला प्रत्यय आणि योगायोग हा भेद इथेही तंतोतंत लागू होतो. संगणकाची भाषा अमेरिकन ठेवलेली असेल तर ‘ऑर्गनाइझ’सारख्या शब्दांच्या ‘एस’च्या रूपाखाली लाल रेघ येते आणि नवखा जुळारी सगळे बदलून टाकतो, म्हणून मी कामाला बसण्याआधी ती निवड तपासतो.

धडगावकर

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत मी शिकवतो. माझ्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली आहे. मराठी त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की मराठी व्याकरण मुलांना येतेच. माझ्या वर्गात ‘कठोर व्यंजन’ हा शब्दच आधी समजावून द्यावा लागतो. गळ्यावर बोटे ठेवण्याची नानांची रीत मात्र मला लगेच घेता येईल, कारण तिला कोणत्याही भाषेची गरज नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘नेस’ म्हणजे ‘ता’ आणि ‘त्व’ असे फळ्यावर लिहिले की शिक्षकाला समाधान वाटते, पण ज्या मुलाने ‘दयाळूता’ किंवा ‘महत्त्व’ हे शब्द कधी बोलून पाहिले नाहीत त्याच्यासाठी ते एका अवघड शेवटाच्या जागी दुसरा अवघड शेवट ठेवणे होते. मी ‘नेस’ला ‘पणा’ सांगतो, कारण शहाणपणा, चांगुलपणा, आळशीपणा हे शब्द त्यांच्या बोलण्यात आलेले असतात. त्याहून उत्तम म्हणजे विशेषण आणि नाम अशी जोडी वाक्यात देणे: ‘द रूम इज डार्क’ आणि खाली ‘आय सी डार्कनेस’. जोडी बोलता आली तर प्रत्ययाचे नाव सांगण्याची गरज उरत नाही. ‘फुल’ आणि ‘लेस’ ही जोडी याच कारणाने सर्वांत सोपी जाते. केअरफुल आणि केअरलेस, होपफुल आणि होपलेस. एकात आहे, दुसऱ्यात नाही. फुल लिहिताना एकच ‘एल’, हे मात्र पहिल्या दिवशीच सांगावे.

बोरीकाठ (पारोळा)

सर, आपला आक्षेप मला पूर्ण पटला. माझी मुले अहिराणी बोलणारी असल्यामुळे मला या बाबतीत एक सोय आहे, जी मी पुरेशी वापरलेली नव्हती. ‘घर’, ‘घरमा’, ‘घरले’, ‘घरना’ ही रूपे ती दिवसभर बोलतात आणि शेवट बदलला की अर्थ बदलतो हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ‘प्रत्यय’ हा शब्द न उच्चारता याच चार रूपांनी सुरुवात करून मग ‘केअरफुल’कडे जाता येईल. आपल्या शाळेत पावरीतली तशी रूपे मुलांकडूनच काढून घेता येतील असे वाटते.

आतापर्यंतच्या चर्चेवरून मी क्रम असा योजते आहे. पाचवीत अनेकवचनाचा ‘एस’ आणि ‘ई-डी’, दोन्ही केवळ तोंडी. सहावीत ‘ई-आर’, ‘फुल’ आणि ‘लेस’, जोड्यांनी. तिथेच ‘टीन’ आणि ‘टी’चे श्रवण. सातवीत ‘नेस’ आणि ‘ली’, चोपड्याच्या दादांनी सांगितलेल्या भेदासह. आठवीत ‘शन’ आणि त्याचा आघात. ‘एबल’ आणि ‘आइझ’ नववीत, कारण तोपर्यंत पुरेसे मूळ शब्द मुलांजवळ जमलेले असतील. ‘हुड’, ‘शिप’ आणि ‘डम’ कुठे ठेवावेत हे मला ठरवता आलेले नाही. शब्द ओळखीचे आहेत, पण ‘फ्रेंडशिप’मधले ‘शिप’ म्हणजे जहाज का, असे दरवर्षी कोणीतरी विचारते.

नाना_अमळनेर

त्या प्रश्नाचे उत्तर वर्गात जरूर द्यावे. ‘फ्रेंडशिप’मधल्या ‘शिप’चा जहाजाशी संबंध नाही, तो आकार या अर्थाच्या ‘शेप’ या शब्दाचा नातलग आहे. ‘हुड’ हा जुन्या इंग्रजीत दर्जा किंवा अवस्था या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, म्हणून चाइल्डहुड म्हणजे मूल असण्याची अवस्था. ‘डम’ म्हणजे निवाडा किंवा अधिकार; तोच शब्द ‘डूम’ म्हणून अजून उरला आहे, आणि किंगडम म्हणजे राजाचा अधिकार जिथे चालतो ते. ‘ली’सुद्धा एके काळी शरीर, रूप या अर्थाचा शब्द होता, आणि ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ त्याच कुळातला. हे चौघे अस्सल इंग्रजी आहेत, तर ‘शन’, ‘एबल’, ‘मेंट’ ही मंडळी १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेने, मूळ लॅटिनमधून आली. त्यामुळे ‘हुड’, ‘शिप’ बहुधा घरगुती छोट्या शब्दांना लागतात आणि ‘शन’ लांब, कागदोपत्री शब्दांना. मी त्यांना सातवीत ‘नेस’च्या शेजारी बसवीन.

एक साधनही सुचवतो. नेहमीचा शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असल्यामुळे शेवट त्यात दिसत नाहीत. जॉन वॉकर यांनी १७७५ साली शब्द शेवटाच्या अक्षरांवरून लावलेला इंग्रजी कोश छापला होता. यमक जुळवणाऱ्यांना तो उपयोगी पडलाच, पण स्पेलिंग आणि उच्चारासाठीही तो आहे असे त्यांनी कोशाच्या नावातच सांगितले होते. आपल्या मुलांनी तसाच एक लहान कोश वहीत करावा: एका पानाला एक शेवट, आणि पानाच्या तळाशी त्या शेवटाची वेशभूषा केलेले पण त्या कुळातले नसलेले शब्द. ‘ली’च्या पानाखाली फॅमिली, ‘ई-आर’च्या पानाखाली वॉटर.

खिळेजुळणी_जळगाव

त्या वहीत ‘अस’साठी एक पान अवश्य ठेवावे, कारण मुद्रितांत ही चूक वारंवार येते. विशेषण असेल तर ओ-यू-एस: फेमस, डेंजरस, नर्व्हस. नाम असेल तर बहुधा नुसते यू-एस: व्हायरस, बोनस, कॅम्पस, सर्कस. उच्चार सारखाच असल्यामुळे कान इथे मदत करत नाही. शब्द वाक्यात काय काम करतो आहे ते पाहूनच स्पेलिंग ठरवावे लागते.

धडगावकर

वहीची कल्पना मी सोमवारपासून सुरू करतो. पहिले पान ‘फुल’चे आणि दुसरे ‘लेस’चे, समोरासमोर, म्हणजे वही उघडी धरली की जोडी एकाच वेळी डोळ्यांसमोर येईल. तळाच्या जागेत ‘अनलेस’ लिहायला सांगेन. त्यातला ‘लेस’ कशाचाच अभाव सांगत नाही.